नाटककाराच्या घरातून नाटकात नेमकं काय येतं?

प्रश्न देवगड तालुक्यातल्या एका चोवीस वर्षांच्या मुलाचा आहे. मोठ्या नाटककारांच्या आयुष्याचा आणि बालपणाचा त्यांच्या नाटकांवर खरंच परिणाम होतो का, हे त्याला जाणून घ्यायचंय. तो एकांकिका लिहायला बसलाय आणि सगळे त्याला सांगताहेत, 'स्वतःच्या आयुष्यातलं लिही.' त्याचं म्हणणं, माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काहीच नाही. वडील एसटीत कंडक्टर होते, बरीच वर्षं वस्तीच्या गाडीवर, आई घरी. शिवाय घरातलं लिहिलं आणि घरचे दुखावले तर काय, ही भीती वेगळीच.

वयानं मोठी आहे म्हणून तू म्हणते. गेली पस्तीसेक वर्षं मी कुडाळ-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात नाटकं लिहिते आणि बसवते. स्पर्धेसाठी लिहिली, जत्रेतल्या हौशी रंगमंचासाठी लिहिली, शाळेच्या मुलांसाठीही लिहिली. त्या अनुभवावरून सांगते. परिणाम होतोच, पण लोक तो भलत्याच जागी शोधतात. ते घटना शोधत बसतात. लेखकाचा बाप दारुडा होता का, लहानपणी आई गेली का, प्रेमभंग झाला का, आणि मग नाटकातला दारुडा बाप सापडला की समाधान. माझ्या अनुभवात घरातून नाटकात घटना फार थोड्या येतात. येते ती बोलण्याची रीत. घरात कोण कोणाशी सरळ बोलायचं, कोण मुलाला मध्ये घालून बोलायचं, कुठल्या गोष्टीवर आवाज चढायचा आणि कुठला विषय निघाला की कोणीतरी पाणी आणायला उठायचं. प्रवेश कसा बांधावा, पात्र आत-बाहेर कसं करावं हे चार नाटकं पडली की शिकता येतं. ही रीत मात्र दहा वर्षांच्या आतच कानात बसते.

माझं सांगते. आमच्या वाडीतले बहुतेक बापये मुंबईला, कोणी गिरणीत, कोणी गोदीत. घरी बायका, म्हातारी माणसं आणि आम्ही पोरं. मी चौथीत गेल्यापासून वाडीतली पत्रं वाचायचं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. शेजारची काकी अंतर्देशीय पत्र घेऊन खळ्यात बसायची, मी पाटावर. ती सांगायची, मी लिहायची. "गाय व्याली, पाडी झाली, असां लिव." लिहिलं. "पडवेचो वासो मोडलो." मी लिहायला घेतलं की लगेच म्हणायची, "नको, तां लिवू नको. तेंका उगाच काळजी लागात." मग थोडा वेळ गप्प. दाण्यांवर आलेल्या कोंबड्या हाकलायची. आणि मग, "पावस बरो पडलो, असां लिव."

पडवीचा वासा मोडला तो त्याच पावसानं. पत्रात तो 'बरो' झाला.

तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पुढे १९८२ साली, १८ जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. रेडिओवर बातम्या यायच्या, वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. काकांची मनीऑर्डर आधी कमी झाली, मग एक महिना आलीच नाही. पत्र आलं. मी काकीला वाचून दाखवलं. "मी खुशाल आहे, काम बरे चालले आहे." मी वाचून थांबले. काकीनं पत्र माझ्या हातातून घेतलं, तिला वाचता येत नव्हतं तरी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आता उत्तर लिव. आमीय बरी आसंव." दोन्हीकडून दोघं एकमेकांना सांभाळत होती आणि खरं काय ते दोघांनाही माहीत होतं. मी मध्ये बसले होते, हातात पेन घेऊन.

नाटकातला संवाद म्हणजे काय हे मला कोणी शिकवलं असेल तर त्या काकीनं. पात्र बोलतं ते वाक्य, आणि त्याच्या आधी त्यानं गिळलेलं वाक्य. नटाला दुसरं वाक्य माहीत असेल तरच पहिलं नीट म्हणता येतं. माझ्या एकाही नाटकात पत्र लिहिणारी मुलगी नाही, मनीऑर्डर नाही, संप नाही. पण माझी माणसं वाईट बातमी द्यायची वेळ आली की पाऊस बरा पडल्याचं बोलतात. ते तिथून आलंय.

हे कळायला मला फार वर्षं लागली. पहिलं दोन अंकी नाटक मी दिवाणखान्यात घडवलं होतं. सोफा, टेलिफोन, एक निवृत्त न्यायाधीश आणि त्यांची इंग्रजाळलेली सून. असलं घर मी तोवर आतून पाहिलेलंही नव्हतं. वाचलेल्या आणि पाहिलेल्या नाटकांवरून लिहिलं. न्यायाधीशाचं काम करणारे आमचे गावकार एरवी दशावतारात राजपार्ट करायचे, उभ्या उभ्या पाऊण तास स्वतःचे संवाद रचणारा माणूस. माझी वाक्यं त्यांच्या तोंडात बसेनात. तालमीत एकदा ते वही खाली ठेवून म्हणाले, "बाय, ह्यो माणूस रागावता तेव्हा खंयच्या भाषेत रागावता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रयोग झाला आणि पडला. तो प्रश्न मी आजही प्रत्येक पात्राला विचारते.

आता आपल्याच किनाऱ्यावरच्या मोठ्या माणसांकडे बघ. चिं. त्र्यं. खानोलकर १९३० साली वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत जन्मले. कुडाळला त्यांच्या घरची खानावळ होती. त्यांच्या लेखनावर बोलताना लोक कोकणातलं गूढ, भुतंखेतं, देवराया यांवर भर देतात, आणि कादंबऱ्यांसाठी ते खरंही आहे. पण त्यांची नाटकं वाचताना मला ती खानावळ आठवते. जेवायला बसलेली अनोळखी माणसं, गोष्ट अर्धी ऐकायला येते तोवर ताट उचलायची वेळ होते, पुढची पंगत दुसरीच गोष्ट घेऊन बसते. १९६६च्या 'एक शून्य बाजीराव'मध्ये माणसं अशीच मधूनच सुरू होतात आणि मधूनच सोडून देतात. त्यात आपल्याकडच्या दशावतार-कीर्तनाच्या चालीही मिसळल्या आहेत. हे माझं वाचन आहे, त्यांनी असं कुठे लिहून ठेवलंय असा माझा दावा नाही. पण ज्यानं खानावळीत दिवस काढलेत त्याच्या कानाला संवाद कसा ऐकू येत असेल, हा विचार करून ते नाटक पुन्हा वाच.

जयवंत दळवी आरवलीचे, वेतोबाच्या गावचे, जन्म १९२५. पुढे मुंबईत अमेरिकन माहिती खात्यात नोकरी केली, म्हणजे आयुष्याचा मोठा काळ गावापासून लांब. तरी 'बॅरिस्टर' बघ. हे १९७७चं नाटक त्यांनी स्वतःच्या 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीवरून लिहिलं. मोठं घर, घराण्यात वेडाचं सावट, केशवपन केलेली मावशी, तरुणपणी विधवा झालेली राधा. वेड आणि कोंडलेली वासना हे विषय दळवींच्या लेखनात पुन्हा पुन्हा येतात. असं घर त्यांच्याच नात्यातलं होतं का, हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. कोकणातल्या कुठल्याही मोठ्या घरात माजघराच्या पलीकडे एक खोली असायची आणि त्या खोलीबद्दल पाहुण्यांसमोर बोलायचं नाही असा अलिखित नियम असायचा. दळवींनी तो नियम उचलला आणि रंगमंचावर ठेवला. म्हणून ज्यानं कधी आरवली पाहिली नाही त्यालाही ते घर आपलं वाटतं.

गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' तर तुला पाठच असेल. राजापूर तालुक्यातल्या माडबनचा हा माणूस. गावातली मंडळी महाभारतावरचं नाटक बसवतात आणि काय काय घोटाळे होतात, एवढंच त्यात आहे. १९८०मध्ये ते व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि त्याचे पाच हजारांहून जास्त प्रयोग झाले. गावात नाटक 'उभं' राहताना किती जणांचे मान-अपमान मध्ये येतात, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच ते सुचेल. पण एवढंच पुरलं नसतं. गवाणकरांनी त्या माणसांना त्यांच्या मालवणीत बोलू दिलं. मुंबईच्या थिएटरात मालवणी चालेल का, अशी शंका घ्यायचे ते दिवस होते.

आता एक बाजू, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तू कुठे बसून पाहिलंस, हेही लिहिण्यात उतरतं. आमच्या देवळात दशावतार रात्री उशिरा सुरू व्हायचा तो उजाडेपर्यंत. पुरुष समोर, बायका-मुली एका बाजूला खांबांच्या आड. समोरून राणी दिसायची. आम्हाला बाजूनं ती राणी पडद्यामागे पदर खोचून विडी ओढताना दिसायची, आणि पखवाजावर थाप पडली की विडी विझवून, घसा खाकरून, एका पावलात राणी होऊन बाहेर यायची. एकाच बाकड्याचं सिंहासन, तेच बाकडं पुढच्या प्रवेशात डोंगर. मी आयुष्यभर नाटक बाजूनं पाहिलं. त्यामुळे माझ्या जवळजवळ प्रत्येक नाटकात कोणीतरी बाहेर जायच्या आधी एक क्षण दारात थांबतं आणि चेहरा नीट करतं. समोर बसणाऱ्या माझ्या भावाला हे सुचलं नसतं, त्यानं तो क्षण पाहिलेलाच नाही.

भावावरून आठवलं. तालमी रात्रीच्या, आणि मुलीनं रात्री एकटीनं तालमीला जायचं नाही असा घरचा दंडक. भाऊ सोबत असेल तर परवानगी. मग त्याला नाटकात घेणं आलं. त्याला चारचौघांत बोलता यायचं नाही, पाठांतर तर नाहीच. म्हणून माझ्या पहिल्या तीन एकांकिकांत एक तरुण आहे जो एक शब्द बोलत नाही. नुसता बसतो, ऐकतो, शेवटी उठून जातो. पुढे एका परीक्षकांनी त्या मुक्या तरुणाला बेरोजगार पिढीचं प्रतीक म्हटलं. मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. कोपऱ्यात बसून सगळं ऐकणारा मुलगा प्रेक्षकाला खरा वाटला, कारण तो खरा होता. पण तो नाटकात आला माझ्या वडिलांच्या दंडकामुळे. नाटककाराचं खाजगी आयुष्य असं मागच्या दारानंही येतं. कोकणातल्या जुन्या स्पर्धेच्या नाटकांत स्त्रीपात्रं इतकी कमी का, हे शोधायला गेलास तर अशीच कारणं हाताला लागतील.

सगळंच घरातून येतं असं मात्र मुळीच समजू नकोस. विजय तेंडुलकरांचे वडील हौशी नाटकवाले, घरात नाटकाचं वातावरण, स्वतः त्यांनी बेचाळीसच्या चळवळीत कोवळ्या वयात शाळा सोडली, पुढे वृत्तपत्रांत काम केलं. हे सगळं त्यांच्या लेखनात आहेच. पण १९६७च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'ची ठिणगी पडली ती पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या हौशी मंडळींच्या बोलण्यातून, जे त्यांच्या कानावर पडलं. विषय परका, माणसं परकी. त्या बोलण्यात दडलेली हिंसा ऐकू येणारा कान मात्र त्यांचा.

आणि वेळ लागतो. रशियन नाटककार चेखॉव्ह सोळा वर्षांचा असताना, १८७६ साली, त्याच्या वडिलांचं किराणा दुकान बुडालं. सावकारांना चुकवून ते मॉस्कोला पळाले आणि पोरगा शाळा पुरी करायला आपल्या गावी, तगानरोगलाच राहिला. घर गेलं कोणाच्या हातात? त्यांच्याच घरात राहणाऱ्या एका भाडेकरूच्या. अठ्ठावीस वर्षांनी, १९०४मध्ये, 'चेरीची बाग' रंगमंचावर आलं. त्यात लिलावात बाग घेणारा माणूस घरच्यांच्या पूर्ण ओळखीचा, आणि त्याचे वाडवडील त्याच इस्टेटीवर गुलाम होते. चेखॉव्हनं त्याला खलनायक केलं नाही. सोळाव्या वर्षी त्यानं हेच लिहिलं असतं तर नक्की केला असता. आज आपल्याकडे कलमांच्या बागा विकल्या जाताहेत, घेणारे कधी बाहेरचे, कधी शेजारचेच. तुझ्या वयाची मुलं त्यावर एकांकिका लिहितात आणि जवळजवळ प्रत्येकीत काळा चष्मा घातलेला दलाल असतो. तो दलाल कोणाचा तरी मामा असतो रे. त्याची बाजू लिहिता येईपर्यंत थांबलास तरी चालेल.

आता दुखावण्याचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला यातून बरंच काही सोसावं लागलं.

आमचं घर सामायिक. सातबाऱ्यावर नावांची रांग. मी नऊ वर्षांची असताना माझ्या सख्ख्या काकांनी दोन बिऱ्हाडांमधलं दार चिरे लावून बुजवलं. रात्रीच लावले. मी अंथरुणात पडून चिरा ठोकून बसवल्याचा आवाज ऐकला होता. सकाळी दाराच्या जागी भिंत. चाळिशीत मी त्यावर दोन अंकी नाटक लिहिलं. नावं बदलली, गाव बदललं, चिऱ्याच्या जागी विटा घातल्या. पण गावात असं बदलून काही लपत नाही. काकांची चहा बशीत ओतून फुंकर घालायची लकब तेवढी मी ठेवली होती. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या वाडीनं ओळखलं.

काका प्रयोगाला आले होते. रंगपटात आले नाहीत. तीन दिवसांनी घरी आले, पडवीत बसले, गूळ-पाणी घेतलं. मी मनातून माफी मागायची तयारी करून बसले होते. ते म्हणाले, "माका दाखयलंस तां बरोबरच हा. मी दार बुजयलंय. पण तुझ्या बापाशीक मात्र झाकलंस." मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, "आदल्या आठवड्यात तुझ्या बापाशीन मोजणी आणल्यान, माका न सांगता."

वडील तेव्हा हयात नव्हते. मी आत जाऊन आईला विचारलं, बाबांनी मोजणी आणली होती का? ती पाणी आणायला उठली.

मी नाटक खोटं लिहिलं नव्हतं. भिंतीच्या माझ्या बाजूला जे ऐकू आलं ते लिहिलं होतं, आणि तीस वर्षं तेच पूर्ण आहे असं धरून चालले होते. लहानपण आपल्याला कान देतं तसंच एका बाजूला बसवूनही ठेवतं. दुसरा अंक मी पुन्हा लिहिला. सुरुवातीला बाप अंधारात काठीनं जमीन मोजतो आणि मुलगी ते बघून झोपेचं सोंग घेते, हा प्रवेश घातला. तो लिहिताना हात चालत नव्हता. नाटक मात्र त्या प्रवेशानं उभं राहिलं, कारण त्याआधी एकच माणूस वाईट होता आणि आता दोन भाऊ होते. काका पुढच्या प्रयोगालाही आले.

तेव्हापासून ज्याच्यावरून पात्र घेतलंय ते माणूस जिवंत असेल तर पहिल्या प्रयोगाआधी मी त्याला वाचून दाखवते. परवानगी मागायला नव्हे, माझं काय राहिलंय ते ऐकायला. दोनदा लोक उठून गेले. एकदा मी नाटक पाच वर्षं ठेवून दिलं आणि एक तर अजून ट्रंकेत आहे. ओनील या अमेरिकन नाटककारानं आपल्या घराचं, मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या आईचं, नट असलेल्या बापाचं नाटक लिहून १९४१मध्ये पुरं केलं आणि आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षं ते छापू नये असं सांगून ठेवलं. तो १९५३ला गेला आणि पत्नीनं १९५६मध्येच ते प्रसिद्ध केलं. त्या नाटकातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. ओनीलचा एक भाऊ तान्हा असतानाच वारला होता, त्याचं नाव एडमंड. नाटकात ओनीलनं स्वतःवरून घेतलेल्या मुलाला एडमंड हे नाव दिलं आणि मेलेल्या तान्ह्या बाळाला स्वतःचं, यूजीन. घरातल्या सगळ्यांना उघडं करताना त्यानं स्वतःलाही सोडलं नाही. घरचे दुखावतील का, हे मला सांगता येणार नाही. तुझ्या नाटकात सगळ्यात जास्त उघडा कोण पडतोय ते बघ. तो तू नसशील तर पुन्हा लिही.

आता तुझं 'काहीच घडलं नाही'. वडील वस्तीच्या गाडीवर कंडक्टर, हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलास. मी तिथेच थांबले. वस्तीची गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावात मुक्काम आणि पहाटे तिथूनच सुटणं. म्हणजे तुझ्या वडिलांनी आयुष्यातल्या कितीतरी रात्री परक्या गावात काढल्या. कुठे झोपायचे? गाडीतच, देवळाच्या सभामंडपात, की कोणाच्या पडवीत? त्यांना जेवण कोण आणून द्यायचं, आणि ते घर आज त्यांना ओळखतं का? शेवटच्या गाडीनं कोण उतरलं, कोण उतरलं नाही, कोणाची मुलगी पहाटेच्या गाडीत पिशवी घेऊन एकटी चढली, हे गावात सगळ्यात आधी त्यांना कळत असणार. ते घरी येऊन त्यातलं काय सांगायचे आणि काय नाही? तिकिटाची पेटी आणि पंच घरात कुठे ठेवलेला असायचा, त्याला हात लावायची तुला परवानगी होती का?

लगेच लिहायला बसू नकोस. दोन-तीन संध्याकाळी वडिलांजवळ बस, नाटकाचं नाव काढू नकोस, हिशेब जुळला नाही तर कंडक्टरला काय करावं लागायचं एवढंच विचार आणि ऐक. मग एकदा ते घरात नसताना आईला विचार, बाबा वस्तीला असायचे त्या रात्री आपण काय जेवायचो, आणि दाराला कडी कोण लावायचं.